चमकेना बंपर? खाली बघा!

सकाळी बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात पाच मिनिटं उभं राहून बघा. वाळूजच्या दिशेनं कंपन्यांच्या बस एकामागून एक जात असतात. गळ्यात आयकार्ड, मांडीवर डबा, खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेणारी पोरं. ही आपल्या शहराची ओळख आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला. २००१ मध्ये शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जुळायला लागल्या. त्यांच्या आगेमागे सुटे भाग करणारे कितीतरी लहान-मोठे कारखाने उभे राहिले. टोयोटा किर्लोस्करनंही २०२४ मध्ये इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला. थोडक्यात काय, गाडी हा आपल्याकडे नुसता शौक नाही, पोटापाण्याचा विषय आहे.

पण याच शहरात एखाद्या पोरानं किंवा पोरीनं घरातल्या टेबलावर वीतभर लांबीची गाडी बनवायला घेतली, की पहिला प्रश्न ठरलेला. ‘हे करून मिळणार काय?’ आणि लगेच दुसरा, ‘यंदा बारावी आहे ना?’

आज या पहिल्या प्रश्नाबद्दलच बोलू. आणि त्यासाठी एकच बारकी वस्तू घेऊ, गाडीचा चकचकीत बंपर.

मॉडेल कारच्या जगात १:२४ हे माप फार चालतं. म्हणजे खरी गाडी चोवीस पटींनी लहान. चार मीटरची गाडी साधारण सतरा सेंटिमीटरची होते. प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. इथपर्यंत जमतं. खरी गंमत येते ती जुनी गाडी करायला घेतली की. पद्मिनी किंवा अँबॅसिडर घ्या. बंपर, जाळी, दिव्यांच्या कडा, दाराच्या मुठी, सगळीकडे क्रोम. आणि तिथंच मॉडेल खरं वाटतं किंवा खेळणं वाटतं.

मी पहिल्यांदा बंपर रंगवला तेव्हा दुकानातून चांगला चंदेरी रंग आणला होता. ब्रशनं मन लावून दिला. वाळल्यावर बघतो तर काय, पाण्याच्या टाकीचं झाकण! राखाडी, मठ्ठ. दुसरा हात दिला, तिसरा दिला. अजूनच मठ्ठ. शेवटी बंपर टेबलाच्या खणात टाकला आणि दोन महिने त्याच्याकडे बघितलंच नाही.

चूक कुठं होती? मी क्रोमला रंग समजत होतो. चंदेरी रंगात अॅल्युमिनियमचे बारीक कण असतात आणि ते कसेही आडवेतिडवे पडतात. त्यांच्यावर आलेला प्रकाश दहा दिशांना विखुरतो. क्रोम मात्र आरसा असतो. खऱ्या बंपरकडे नीट बघा. वरच्या भागात आभाळ दिसतं, खाली डांबर दिसतं, मध्ये क्षितिजाची एक गडद रेघ असते. त्याला स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नसतंच.

मग मॉडेल बनवणारे काय करतात? आधी काळा रंग देतात. हो, काळा! चकचकीत, आरशासारखा काळा. त्याआधी तो भाग बारीक वॉटर पेपरनं, पाणी लावून घासतात. काळा पूर्ण वाळू देतात, आणि मग त्यावर क्रोमच्या रंगाचा इतका हलका फवारा मारतात की मारलाय की नाही अशी शंका यावी. जास्त मारला की संपलं, पुन्हा टाकीचं झाकण. वरून संरक्षणासाठी घाईघाईनं लॅकर मारलं तरी बहुतेक वेळा चमक जाते. आणि काळ्यावर एखादा ओरखडा किंवा धुळीचा कण राहिला असेल, तर क्रोम तो झाकत नाही, चारचौघांत दाखवून देतं.

दुसरा मार्ग फॉइलचा. अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा चिकटवायचा, कापसाच्या काडीनं हळूहळू दाबत बसवायचा आणि नव्या कोऱ्या ब्लेडनं कडा कापायच्या. इथं गणितही मजेशीर आहे. पोळ्या गुंडाळायची फॉइल साधारण ११ मायक्रॉन जाडीची असते. चोवीसनं गुणलं की खऱ्या गाडीवर पाव मिलिमीटर. चालून जाईल! पण तुम्ही रंगाचा ५० मायक्रॉनचा थर दिलात, तर तो खऱ्या गाडीवर सव्वा मिलिमीटर जाड झाला. खऱ्या गाडीचा सगळा रंग मिळून जेमतेम एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून जाड रंगाखाली दाराच्या फटी बुजतात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसायला लागते.

किटसोबत आधीच चमकवलेले भाग येतात, त्यांचंही एक शास्त्र आहे. निर्वात पेटीत अॅल्युमिनियमची वाफ करून ती प्लॅस्टिकवर बसवलेली असते. हा थर केसाच्या जाडीपेक्षाही शेकडो पटींनी पातळ. पण भाग चौकटीतून कापला की कापलेल्या जागी उघडं प्लॅस्टिक दिसतंच. मग ती चमक काढून, भाग घासून पुन्हा सुरुवात. दहावी-बारावीच्या प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या आत चांदीचा आरसा तयार होताना ज्यांनी बघितलाय, त्यांना यातली गंमत लगेच कळेल. पुस्तकात दोन मार्कांची असते ती गोष्ट इथं हातात येते.

आता खऱ्या बंपरकडे या. मॉडेलवाले जे करतात तेच तिथंही होतं. आधी घासणं आणि बफिंग, मग बहुतेकदा तांब्याचा थर, त्यावर निकेलचा, आणि सगळ्यात वर क्रोमियम. हा वरचा थर मायक्रॉनच्याही काही अंशाइतकाच. चमकेचं खरं काम खालचं निकेल आणि त्याखालचं बफिंग करतं. क्रोमियम फक्त निळसर झाक देतं आणि निकेलला काळवंडू देत नाही. कुठल्याही प्लेटिंगवाल्याला विचारा, तो सांगेल की पत्रा नीट घासला नसेल तर टाकीत बुडवून काही उपयोग नाही. आपल्या आजीच्या गल्लीत येणारा कल्हईवालाही तेच करायचा. आधी भांडं घासूनपुसून लख्ख, मग नवसागर, मग कथील.

मराठीत ‘मुलामा’ हा शब्द आपण जरा हेटाळणीनं वापरतो. नुसता मुलामा आहे, म्हणजे आत काही नाही. पण ज्यानं एकदा तरी स्वतः मुलामा देऊन बघितलाय, तो असं म्हणणार नाही. आत काही नसेल तर वर मुलामा बसतच नाही.

याची सगळ्यात मोठी साक्ष आपल्या शहरातच उभी आहे. बीबी का मकबरा. आग्र्याच्या ताजमहालाची नक्कल म्हणून त्याची चेष्टा होते. पण सतराव्या शतकातल्या या इमारतीत संगमरवर मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे. मधल्या भागात आपला काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत घोटलेला चुन्याचा गिलावा. लांबून बघणाऱ्याला सांध्याची रेघ सहज सापडत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी दगडावर संगमरवर ‘रंगवला’, तोही तालेवार बापाच्या नाही, आखडत्या हाताच्या बजेटमध्ये. आपण त्याला गरिबांचा ताज म्हणून मोकळे होतो. ते घोटकाम कसं केलं असेल, हे विचारायला मात्र थांबत नाही.

मग मूळ प्रश्न. हे करून मिळणार काय?

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागानं १९३० ते १९६८ या काळात शाळकरी आणि कॉलेजवयीन मुलांसाठी मॉडेल बनवण्याची स्पर्धा चालवली. स्वतःच्या कल्पनेतली गाडी, स्वतःच्या हातानं. बक्षीस म्हणून शिक्षणाची शिष्यवृत्ती. १९४७ मध्ये जिंकलेला चक जॉर्डन नावाचा मुलगा पुढं त्याच कंपनीच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. आजही गाड्यांच्या डिझाइन स्टुडिओत खास मातीचं मॉडेल बनतं. त्यावर रंगासारखी दिसणारी फिल्म ताणून बसवतात. म्हणजे आपल्या टेबलावर जे चालतं, ते तिथं पगार घेऊन चालतं. आपल्याकडेही एनआयडीच्या प्रवेशाच्या दुसऱ्या टप्प्यात हातानं मॉडेल बनवायला लावतात. ही तयारी कुठल्याही गाईडमधून होत नाही.

पण खरं सांगायचं तर दर मॉडेलमागं एक नोकरी असं काही नसतं, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी हौसेनं उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोक बघताहेत. ती गावं, ते पूल, ते सिग्नल एका माणसाच्या अनेक वर्षांच्या छंदातून आलेत. त्यांना ‘मिळालं काय’ असं विचारायचं, की आपल्याला काय मिळालं ते बघायचं?

आमचं म्हणणं एवढंच आहे. जे शहर गाड्या बनवतं, त्या शहरातल्या मुलांना वस्तू बनवायला संध्याकाळी जागा असू नये, हे बरं नाही. कॉलेजांच्या वर्कशॉपला पाच वाजता कुलूप लागतं. आयटीआयमधली यंत्रं रविवारी झाकून ठेवलेली असतात. आपल्याकडे अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, रात्री बारापर्यंत उघड्या. त्यातल्या एखाद्या इमारतीत एक खोली अशी का नसावी, जिथं एक मोठं टेबल, एक व्हाइस, चार कानशी, हवा खेळती ठेवणारा एक पंखा आणि एखादा निवृत्त फिटर काका असेल? खर्च एसीच्या बिलापेक्षा जास्त येणार नाही. कंपन्यांनी मनावर घेतलं तर एका वर्षात दहा खोल्या होतील. चौथ्या वर्षाला असूनही हातात कधी कानस न धरलेले इंजिनीअर आपण किती दिवस बाहेर काढत राहणार?

आणि आपल्यासाठीही दोन गोष्टी. पहिली, परदेशी किट हजारोंना मिळतात म्हणून हिरमुसू नका. घरातली जुनी, रंग उडालेली खेळण्यातली गाडी घ्या. ती उघडा, घासा आणि पुन्हा रंगवा. पहिले चार बंपर बिघडतीलच. दुसरी, घरात खरं क्रोम प्लेटिंग करायच्या फंदात चुकूनही पडू नका. त्यातलं क्रोमिक अॅसिड अत्यंत विषारी असतं, त्यानं कर्करोगाचा धोका असतो. ते काम कारखान्याचं, तेही पूर्ण काळजी घेऊन. स्प्रे मारतानाही खिडकी उघडी ठेवा, तोंडाला चांगला मास्क लावा, गॅसजवळ बसू नका.

माझा तो खणातला बंपर पुढं मी बाहेर काढला. सगळा रंग उतरवला, दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरनं तासभर घासला, काळा केला आणि आठवडाभर हात लावला नाही. मग हलका फवारा. सकाळी खिडकीत धरला तर त्यात खिडकीचे गज दिसले, पलीकडची पाण्याची टाकी दिसली आणि माझं वेडंवाकडं नाकही. एका कोपऱ्यात ओरखडा राहिलाच होता, तोही स्पष्ट दिसला. आईनं बघितला आणि म्हणाली, ‘अरे, हा तर बाबांच्या गाडीसारखा दिसतोय.’

येत्या रविवारी एक बंपर घासायला घ्या. बाकी बोलणं नंतर.