ज्वालामुखी विहिरीत पाहावा

आठवी-नववीच्या कोणत्याही वर्गात ज्वालामुखीचे चित्र काढायला सांगा. बहुतेक वह्यांत एकच आकृती उमटेल : शंकूच्या आकाराचा डोंगर, माथ्यावर खळगा आणि त्यातून उसळणारा लालभडक लाव्हा. खाली नाव असेल फुजियामा किंवा व्हेसुव्हियस. चित्र चूक नाही. पण शिरूर किंवा दौंड तालुक्यातला विद्यार्थी एवढेच चित्र डोक्यात घेऊन शाळेबाहेर पडला, तर आमच्या शिकवण्यात मोठी उणीव राहिली, असे मी म्हणेन. पृथ्वीच्या इतिहासातील एका प्रचंड उद्रेकाचा लाव्हा त्याच्या पायाखाली आहे. घराचा पाया, गावच्या देवळाचे जोते, दौंडच्या रुळांखाली पसरलेली काळी खडी, सारे त्याच लाव्ह्याचे! आणि हा लाव्हा मुख्यतः शंकूच्या डोंगरातून आलेला नाही. तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला.

असा भेगांचा उद्रेक माणसाने पाहिलेलाही आहे. आइसलँडमध्ये लाकी येथे १७८३ साली सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिन्यांत तिच्यातून सुमारे १५ घनकिलोमीटर लाव्हा बाहेर पडला. दख्खनच्या मानाने हा ओहोळच म्हणायचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्ह्याचे थरावर थर पसरले. इतकी झीज होऊनही आज ते जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापून आहेत. कोयना परिसरात खोल छिद्र घेतले, तेव्हा एके ठिकाणी ९०० मीटरहून अधिक लाव्हा भेदल्यावर खालचा प्राचीन खडक लागला. पूर्वेकडे किल्लारीला तो ३३८ मीटरवर लागला.

हे थर पाहण्यासाठी शिरूरच्या विद्यार्थ्याला सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. नव्याने खणलेली विहीर पुरे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ, कुठे भोकाभोकांचा मांजऱ्या आणि मध्येच एखादा तांबड्या मातीचा पट्टा. विहीर खणणाऱ्यांना हे शब्द तोंडपाठ असतात, कारण पाणी कुठे लागणार ते त्यांवर ठरते. शाळेने या शब्दांना अर्थ जोडून द्यायचा आहे. लाव्हा थिजताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात, तो मांजऱ्या. पुढे या पोकळ्यांत खनिजांचे स्फटिक वाढतात. पुण्याहून शिरूरकडे येताना लागणाऱ्या वाघोलीच्या खाणींतील निळे कॅव्हनसाइट अशाच पोकळ्यांतून निघाले आणि जगभरच्या संग्राहकांकडे पोहोचले. प्रवाहाचा मधला भाग सावकाश थिजतो. तो घट्ट कातळ. तांबडा पट्टा सांगतो, की एक प्रवाह थिजल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला आणि तेवढ्यात त्याचा माथा ऊनपावसाने कुजला. टाकळी हाजी आणि निघोज यांच्यामध्ये कुकडी नदीने कोरलेले प्रसिद्ध रांजणखळगेही याच लाव्ह्यात आहेत. सहलीला आलेले लोक नदीची करामत पाहतात. कातळाची चौकशी मात्र कोणी करत नाही.

या कातळाचा अरबी समुद्राशी काय संबंध, असे कोणी विचारील. खरी गोष्ट इथेच सुरू होते. एके काळी मादागास्कर आणि सेशेल्स हे दोन्ही भूभाग भारताला जोडलेले होते. मादागास्कर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी अलग झाला. त्या ताटातुटीच्या वेळचा ज्वालामुखी खडक उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवर खांबांच्या रूपाने आजही उभा आहे. सेशेल्स मात्र भारताला चिकटून राहिला. मग दख्खनचा लाव्हा ओतला गेला आणि त्यानंतर तीसेक लाख वर्षांत सेशेल्सही सुटला. मधल्या फटीत नवा सागरतळ तयार होऊ लागला आणि भारताच्या पश्चिमेला अरबी समुद्र रुंदावत गेला. सेशेल्समधील सिलहूट बेटावर सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वीचे अग्निजन्य खडक आहेत. आपली आणि त्यांची ही जुनी सोयरीक आहे.

आता भौतिकशास्त्राचा प्रश्न. भूखंड ताणला गेला की लाव्हा का येतो? भूकवचाखालचे प्रावरण अतिशय तप्त असूनही घन असते, कारण त्याच्यावर प्रचंड दाब असतो. भूखंड ताणून पातळ झाला, की खालचा तप्त खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तापमान न वाढताही तो अंशतः वितळू लागतो. कुकरमधले पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही द्रवच राहते. दाब एकदम उतरला, की आच न वाढवता ते खळखळून उकळते. तत्त्व तेच. इथिओपियाच्या अफार भागात आफ्रिका खंड आजही असाच फाटतो आहे. तेथे सप्टेंबर २००५ मध्ये सुमारे ६० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमिनीखाली शिलारस घुसला आणि दोन्ही बाजू काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत दूर सरकल्या.

मग दख्खनमध्ये आधी काय घडले? भूखंड ताणला म्हणून लाव्हा आला, की खोलातून आलेल्या तप्त स्तंभामुळे आधी लाव्हा आला आणि मग भूखंड फाटला? यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. भेगांत थिजलेला लाव्हा उभ्या भिंतीसारखा उरतो, त्याला डाइक म्हणतात. उत्तर कोकणात हे डाइक बहुतांशी उत्तर-दक्षिण, म्हणजे किनाऱ्याला समांतर आहेत. भूमी पूर्व-पश्चिम ताणली गेली, तर भेगा अशाच पडायच्या. पठारावर जवळजवळ आडवे असलेले थर पनवेलकडे समुद्राच्या बाजूला कललेले दिसतात. पण नाशिक-पुणे भागातील डाइकना अशी एक दिशा नाही. म्हणून पुष्कळसा लाव्हा हा ताण सुरू होण्याआधीच आला असावा, असे काही संशोधक मानतात. माझ्या मते हा वाद विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा. विज्ञान म्हणजे पाठ केलेली उत्तरे, ही समजूत अशा प्रश्नांनीच दूर होईल.

शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम संपत नाही आणि याला परीक्षेत गुण नाहीत. मान्य. पण याला एक-दोन तासच हवेत. मुलांनी विहिरीत उतरू नये. काठावर टाकलेला ढिगारा पुरेसा आहे. कातळाचा आणि मांजऱ्याचा एकेक तुकडा आणा. ताणकाट्याने त्यांचे वजन आधी हवेत आणि मग पाण्यात घ्या आणि विशिष्ट गुरुत्व काढा. घट्ट कातळाचे २.९ च्या आसपास येईल, मांजऱ्याचे कमी. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायचेच आहे, मग शिशाच्या गोळ्याऐवजी गावचा दगड का नको?

आणखी एक सूचना. विहिरीला आतून बांधकाम झाले, की थर कायमचे झाकले जातात. कूपनलिकेतून तर नुसता भुगा वर येतो. म्हणून प्रत्येक शाळेने एक नोंदवही ठेवावी. गावात विहीर खणली जात असेल, तेव्हा किती फुटांवर कोणता थर लागला आणि पाणी कुठे लागले, हे खणणाऱ्यांना विचारून त्यात लिहावे. दहा वर्षांत गावाखालच्या लाव्ह्याचा नकाशा तयार होईल. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्या तालुक्यांना तो पाण्याच्या शोधातही उपयोगी पडेल. विद्यार्थी मित्रांनो, गावात पुढची विहीर खणली जाईल त्या दिवशी वही-पेन्सिल घेऊन काठावर हजर राहा.