धाकाची वकिली आणि बेटावरची मुले

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीचा आधार घेऊन एका व्याख्यात्याने नुकतीच धाकाची वकिली केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणूस मुळात श्वापद, कादंबरीतली मुले अडकली त्या निर्जन बेटावर वडीलधारे नव्हते, छडी नव्हती, म्हणून पोरांनी पोरांचे जीव घेतले, सबब घरात आणि शाळेत भीती हवीच. 1954 सालची ही कादंबरी जी. ए. कुलकर्णींनी मराठीत आणलेली आहे. तरीही ती नीट न वाचता तिच्या नावावर असला निवाडा खपवला जातो, याची मला चीड येते.

बेटावर शिकारी कोण होतात? मोकाट सुटलेली चिल्लीपिल्ली नव्हेत, जॅक नावाच्या मुलाच्या हुकमातले शाळेचे गायकपथक. ते प्रथम दिसते तेच काळे झगे घालून, भर उन्हात, दोन रांगांत पावले टाकत येताना. जॅकने उभे राहा म्हटले की उभे. त्यात पथकातल्या सायमनला भोवळ येते. हुकूम पाळण्याची सवय सगळ्यांत जास्त याच मुलांना, आणि डुकरिणीचे मुंडके काठीवर रोवणारीही हीच. रॉजर यांच्यातलाच. आरंभी तो लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड भिरकावतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. आईबाप, शाळा, पोलीस यांचा जुना दरारा त्याचा हात अडवतो. ‘पाहा, धाकाने मूल वाचले!’ असे व्याख्याते म्हणतील. त्यांनी पुढची पाने उलटावीत. पिगी या मुलावर धोंडा लोटून त्याचा जीव घेतो तो हाच रॉजर. जुना दरारा ओसरला, जॅकचा नवा दरारा आला, आणि ज्याला स्वतःचे असे काही आवरणारे नव्हतेच, तो नव्या मालकाच्या कामी आला. जॅकने वेगळी टोळी काढली, तिच्यावरचे त्याचे राज्यही धाकावरच चालते. विल्फ्रेड या मुलाला बांधून मारायचे ठरते; का, ते टोळीतल्या पोरालाही सांगता येत नाही. बेटावर एक श्वापद आहे असे पोरांना वाटते; त्याच्यासाठी नैवेद्य ठेवायचा, ते वेष पालटून येते असे बजावत राहायचे. पोरांची भीती गेली तर जॅकच्या हाती उरते काय?

वडीलधारे नव्हते, हेही खोटे. ज्याला पोरे श्वापद समजतात, ते डोंगरावरचे प्रेत मोठ्यांच्याच युद्धातून पॅराशूटने खाली आलेले असते.

आणि खऱ्या मुलांचेच पाहायचे, तर 1965 साली टोंगातली सहा मुले शाळेला कंटाळून होडीतून पळाली, ‘आता’ नावाच्या निर्जन बेटावर वर्षाहून अधिक काळ सलोख्याने राहिली आणि त्यांनी आग विझू दिली नाही.

हा वाद जुनाच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी घातली, तेव्हाही ‘आता पोरे डोक्यावर बसणार’ हाच सूर होता. मार खाऊन मोठे झालेल्यांनी तो सर्वांत मोठ्याने लावावा, याचे मला आजही वाईट वाटते.

माणसात दुष्टपणा आहे, हे गोल्डिंगला मान्यच आहे. नौदलात त्याने महायुद्ध पाहिले होते, सॅलिसबरीच्या शाळेत मुलांना शिकवले होते. सायमनचा जीव घेणाऱ्या त्या रात्रीच्या नाचात मुलांनी म्होरक्या निवडलेला भला राल्फही असतो, पिगीही असतो. पण यावर धाकाचा उतारा गोल्डिंगने दिलेला नाही. त्याच गायकपथकातला सायमन श्वापद आपल्याच आत असेल अशी शंका बोलून दाखवतो, एकटा डोंगर चढतो, प्रेत जवळून पाहतो आणि त्याला अडकलेल्या दोऱ्या सोडवतो. मुलांना मी हेच शिकवीन : ज्याची भीती वाटते ते जवळ जाऊन पाहायला. चेहऱ्यावर जन्मखूण असलेला चिमुरडा भर सभेत सापासारखे काही पाहिल्याचे सांगतो, तेव्हा मोठी मुले हसतात आणि राल्फ असे काही नाहीच म्हणून दटावतो. त्याचा हात धरून ‘चल, कुठे दिसले ते दाखव’ असे म्हणायला कुणीतरी उठायला हवे होते.