हिवाळी भेटींची कैफियत

मुलाबाळांकडे येऊ इच्छिणाऱ्या आईवडिलांना मे महिन्यापूर्वी आणि सप्टेंबरानंतर कॅनडाच्या भूमीवर पाय ठेवू देऊ नये, असा एक फतवा आमच्या विनिपेगमधील मराठी मंडळींत सध्या मोठ्या अधिकारवाणीने फिरत आहे. त्याचे जनक वयाने वडील, अनुभवी आणि लेखणीवर हुकमत असलेले गृहस्थ आहेत. त्यांच्या लेखातील युक्तिवाद थोडक्यात असा: येथील थंडी वृद्धांच्या प्रकृतीला घातक आहे, जे प्रकृतीने निभावतात ते चार भिंतींत कैद होतात, विम्याचा पैसा वाया जातो, घरातील कमावत्या स्त्रीवर जादा भार पडतो, आणि हे सर्व ठाऊक असूनही जी मुले डिसेंबरात आईवडिलांना बोलावतात, त्यांना आईवडील नको असून फुकटची आया हवी असते. माझी आई आणि अण्णा मिरजेहून माझ्याकडे आले ते हिवाळ्यातच, आणि पुन्हा आले तेही हिवाळ्यातच. तेव्हा या आरोपपत्रात माझे नाव नसले तरी मी आरोपी आहे, आणि माझी कैफियत नोंदवली जाणे मला आवश्यक वाटते.

प्रथम प्रकृतीचा मुद्दा. गृहस्थांनी लेखाच्या शिरोभागी उणे ४७.८ अंश हा आकडा ठळक छापून घेतला आहे. आकडा खरा आहे. पण तो २४ डिसेंबर १८७९ चा आहे, विनिपेगला नगराची सनद मिळून त्या वेळी अवघी सहा वर्षे झाली होती, आणि त्यानंतरच्या सुमारे दीड शतकात या शहराने तितकी थंडी पुन्हा पाहिलेली नाही, ही माहिती त्यांनी वाचकांना दिलेली नाही. जानेवारीत येथे दुपारी सरासरीने उणे ११ आणि पहाटे उणे २१ च्या आसपास पारा असतो. उणे ३० चे दिवसही येतात आणि ते कठीण असतात, हे मी नाकारीत नाही. वारा धरून जाणवणाऱ्या थंडीचे जे आकडे ते तापमान म्हणून देतात ते तापमानच नव्हेत. २००१ साली सुधारलेले ते कोष्टक उघड्या चेहऱ्याला वाऱ्यात काय सोसावे लागते याचा हिशेब आहे, आणि आपल्या आईवडिलांना उघड्या चेहऱ्याने माळावर कोणी उभे करीत नाही.

माणूस थंड मुलखात राहतो म्हणजे बहुतांशी घरात राहतो. येथील घरांच्या तळघरात फर्नेस अहोरात्र चालू असते आणि खोल्यांतून २० ते २१ अंशांची ऊब सारखी राहते. उलट पौषातल्या एखाद्या पहाटे निफाडला पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो तेव्हा तेथील घरात फरशीवर वावरणाऱ्या वृद्धेला चुलीपलीकडे कसलाही आधार नसतो, आणि तरीही तिला जूनपर्यंत माहेरी पाठवा असे कोणी म्हणत नाही. माझ्या आईचे गुडघे मिरजेच्या डिसेंबरात जितके ठणकत तितके येथे ठणकले नाहीत. खरा धोका निराळाच आहे आणि त्याविषयी गृहस्थांनी अवाक्षर काढलेले नाही: तो म्हणजे पायवाटेवरचा पातळ, डोळ्याला न दिसणारा बर्फ. पारा उणे १५ च्या खाली उतरला की साधे मीठ जवळजवळ निकामी होते, मग वाळू टाकावी लागते, आणि वाळू पडेपर्यंत वृद्धाने बुटांना खिळ्यांचे रबरी तळ चढवल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. बर्फ उपसण्याचे फावडे वडिलांच्या हाती देऊ नये. हवा फार कोरडी होते, म्हणून निजायच्या खोलीत ह्युमिडिफायर ठेवावा. हृदयविकार किंवा दमा असेल त्यांनी वैद्याचा शब्द अखेरचा मानून खुशाल उन्हाळ्यात यावे.

याच ओघात गृहस्थांनी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी फिलाडेल्फियाला गेलेल्या आणि परत येताच १८८७ त निवर्तलेल्या त्या मराठी विदुषीचा दाखला दिला आहे. तिचा मृत्यू थंडीच्या खाती मांडणे मला तिच्यावर अन्याय करणारे वाटते. ती क्षयाने गेली. निघण्यापूर्वीच तिची प्रकृती खालावलेली होती. आणि तिच्या खोलीतील शेकोटी नीट चालत नसून धूर खोलीतच कोंडत असे. तिला तेथे उणीव भासली असेल तर ती उबदार घराची, आपल्या अन्नाची आणि रक्ताच्या माणसाची. या उणिवा भरून काढणारी भेट आज शक्य झाली असता तिचेच नाव पुढे करून ती भेट अडवावी, हे मला पटत नाही.

आता त्यांच्या ब्रह्मास्त्राकडे वळते. हिवाळा वृद्धांना कैद करतो, असे ते म्हणतात, आणि हेच वाक्य मी येथील घराघरांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्याची रुजवात एकदा सविस्तर घालणे भाग आहे. ज्याच्या हाती दाराची किल्ली नाही, ज्याच्या खिशात पैसे नाहीत, ज्याला रस्ता ठाऊक नाही आणि ज्याला घराबाहेर पडण्यासाठी दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहावी लागते, तो कैदी. या चारांपैकी एकही गोष्ट बर्फाने घडवलेली नाही. शहराच्या दक्षिणेकडील नव्या वसाहतींत आमच्या मंडळींनी प्रशस्त घरे घेतली. तेथून किराणा दुकान दूर, बस दूर, शेजारी दिवसभर कामावर. मुलगा आणि सून सकाळी साडेसातला मोटारीतून निघून जातात, आणि जाताना वृद्धांसाठी जी फर्माने सोडतात ती ऋतुमानाप्रमाणे बदलत नाहीत: थर्मोस्टॅटला हात लावू नका, दार कोणी वाजवले तर उघडू नका, गजराची यंत्रणा चालू असेल तेव्हा मागचे दार ढकलू नका, काही लागले तर संध्याकाळी सांगा. जुलैत येथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो; पण त्या उजेडात खिडकीशी बसून मोटारीची वाट पाहणारे वडील मी जुलैतही पाहिले आहेत, आणि त्यांच्या मुलांना आपण त्यांना उन्हाळ्यात आणल्याचे समाधान होते. कैद घराच्या व्यवस्थेत आहे. तिचा ठपका हवामानावर ठेवला की व्यवस्था बदलण्याची जबाबदारी आपोआप टळते, आणि म्हणूनच हा युक्तिवाद इतका लोकप्रिय आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पोशाखाचीच गोष्ट घ्या. दोन हजार किलोमीटरांवरचा नायगारा दाखवण्यासाठी विमानाच्या तिकिटांचा खर्च विनातक्रार करणारी माणसे आईसाठी उणे ३० ला टिकणारे बूट विकत घेताना, चार महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला, असे म्हणतात. मग ती बिचारी सुनेचा सैल कोट आणि नातवाचे जुने बूट घालून एकदा अंगणात उतरते, तिची बोटे बधिर होतात, आणि तेवढ्यावरून वृद्धांना येथील थंडी सोसत नाही असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या आईने लुगडे सोडले नाही. लुगड्याखाली लोकरीची विजार, वर पोटऱ्यांपर्यंत येणारा कोट, तोंडावर मफलर आणि हाती एकबोटी मोजे, एवढ्या बंदोबस्ताने ती रोज बाहेर पडली. पहिल्याच आठवड्यात तिला आणि अण्णांना घराची किल्ली, बसचे कार्ड आणि येथे चालणारा फोन दिला, आणि बसमार्ग त्यांच्याबरोबर जाऊन दाखवला. येथे कडाक्याची थंडी पडते ती बहुधा निरभ्र आकाशाखाली, त्यामुळे उणे २५ च्या दिवशी ऊन लख्ख असते. शहराच्या मध्यभागी मोठे सार्वजनिक ग्रंथालय, दुकाने आणि कचेऱ्या झाकलेल्या पुलांनी एकमेकांना जोडलेल्या आहेत, पोर्टेज आणि मेन या प्रसिद्ध चौकाखालून भुयारी वाट आहे. वृद्ध माणूस कोट काखेत धरून तेथे तासन्‌तास हिंडू शकतो.

अण्णा मिरज जंक्शनवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना नायगारा पाहण्याची इच्छा नव्हती; उणे ३० मध्ये मालगाडी कशी धावते हे पाहण्याची होती. थंडी फार वाढली की ब्रेकच्या हवेच्या नळ्या सांध्यांशी गळू लागतात, लांब गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत दाब टिकत नाही, आणि म्हणून येथे गाड्या आखूड करून चालवतात, हे त्यांनी एका वृद्ध गार्डाकडून, मोडक्या इंग्रजीत पण एका खात्याच्या दोन माणसांच्या समजुतीने, ऐकून घेतले आणि रात्री जेवताना आम्हा सर्वांना कागदावर आकृती काढून समजावले. रेड आणि असिनिबॉइन या नद्यांच्या संगमावर, ज्याला येथे फोर्क्स म्हणतात, पाणी पुरेसे गोठल्यावर बर्फावरून पायवाट आखतात. कृष्णेकाठी आयुष्य गेलेली माझी आई त्या वाटेवरून माझ्या मुलीचा हात धरून नदीच्या मध्यापर्यंत चालत गेली. या दोघांना जुलैत बोलावले असते तर यांपैकी काय दिसले असते? संगमावरची गर्दी आणि डास.

येथे जरा विषयांतर करते. सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त सांगणारी मंडळी होती. त्यानंतर, शिकायला गेलेला मुलगा चालेल पण त्याच्यामागे सून जाऊ नये, असे सांगणारी आली. पुढे, परदेशी गेलेला मुलगा गेलाच असे समजून आईवडिलांनी त्याच्याकडे फिरकू नये, हे स्वाभिमानाचे लक्षण ठरले. आणि आता आईवडिलांनी यावे, पण अमुक महिन्यात यावे, अशी मुभा मिळाली आहे. प्रत्येक वेळी कारण नवे आणि शास्त्र नवे असते. जो प्रवास करणार त्याला मात्र कोणत्याही पिढीत कोणी काही विचारले नाही.

उरलेल्या आक्षेपांना फार शाई लागत नाही. आईवडिलांना मिळणाऱ्या सुपर व्हिसासाठी किमान एका वर्षाचा आणि किमान एक लाख डॉलरांचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो; वर्षात हिवाळा येतोच, तेव्हा हिवाळ्यात पैसा वाया गेल्याचा हिशेब जुळत नाही. कमावत्या स्त्रीवरील भाराचे म्हणाल तर तो पुरुषाने उचलावा, आणि तो त्याने जुलैतही उचलावा. आणि फुकटच्या आयेचा आरोप ज्यांना लागू असेल त्यांच्या मनात खोट आहे; ती ऋतू बदलून जात नाही. शाळेला उन्हाळ्यात दोन महिने सुट्टी असते, तेव्हा नातवंडे दिवसभर सांभाळायला माणूस नेमका जुलैतच हवा असतो, हे गृहस्थांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

मग हिवाळ्यातच का? कारण नोव्हेंबरापासून मार्चापर्यंत आम्ही येथे हिवाळ्यातच जगतो, आणि माझे जगणे माझ्या आईला ठाऊक असावे असे मला वाटते. सकाळी साडेआठला उजाडते आणि साडेचारला मावळते. मोटारीच्या इंजिनाला रात्रभर विजेची तार लावून ठेवावी लागते. मुलीला शाळेसाठी चढवायच्या कपड्यांचे थर संपता संपत नाहीत. हे तिने पाहिले. आता मिरजेहून फोन करताना ती, जेवलीस का, एवढेच विचारीत नाही; रात्री गाडीला तार लावलीस का, असे विचारते, आणि वाळू पडली का याचीही चौकशी करते. शिवाय संक्रांत भर हिवाळ्यातच येते. भोगीची बाजरीची भाकरी, तिळकूट आणि लोणी यांना जी थंडी हवी ती येथे भरपूर आहे, आणि माझ्या मुलीने तिळाचे लाडू आजीच्या हाताखाली बसून वळले.

येत्या डिसेंबरात माझ्या सासूबाई यायच्या आहेत. त्यांना दोन्ही ऋतूंची माहिती दिली, बर्फ, अंधार आणि कोरडी हवा यांसह काहीही न वगळता. त्यांच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलले. आणि मग कधी यायचे ते त्यांना विचारले. संक्रांत नातीबरोबर करीन, असे त्या म्हणाल्या. विमा उतरवला आहे, बुटांचे माप परवा आले, आणि त्यांना रोज बसने कोठे जायला आवडेल याची यादी त्या आणि माझी मुलगी फोनवरून करीत आहेत.