कपाटातला पेटारा

एनसीईआरटीने फेब्रुवारी 2023 मध्ये 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी खेळांचा ‘जादुई पिटारा’ आणला. शाळा कुठलीही असो, मोडतोडीच्या धास्तीने तो कुलपात राहणार असेल तर उपयोग शून्य. बरेलीत जन्मलेल्या, पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत रमलेल्या, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांना पेटारा लागलाच नाही. त्यांचेच एक खेळणे पाहा. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घालून आगकाड्यांचा चौकोन जोडा. दाबला की कलंडतो. त्रिकोण मात्र ढिम्म हलत नाही. लोखंडी पुलात त्रिकोणच का, हे मग फळ्यावर लिहावे लागत नाही. (काडीचा गूल तेवढा आधी खरवडा.) अधिकाऱ्यांनी शाळेला जाब विचारायचाच, तर तो कोऱ्या राहिलेल्या खेळण्यांचा विचारावा.