मुठीत आलं ते गेलं कुठं?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची झाकपाक करून जरा पाठ टेकते न टेकते, तोच समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी आल्या. हातात वाटी, वाटीत लिंबाचं लोणचं. लोणचं हे नुसतं निमित्त, हे मी चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"ताई, ह्यांनी पुन्हा नोकरी धरली हो," त्या म्हणाल्या. "एका दुकानात हिशेब लिहायला. सकाळी दहाला जातात ते रात्री आठला येतात. गुडघे धरलेत, जिना चढताना दोनदा थांबतात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, आता काय अडलंय? विचारलं तर म्हणतात, घरी बसून कंटाळा येतो. हौस आहे म्हणे कामाची!"

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

वहिनी थोडा वेळ वाटीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हौसेनं जाणारा माणूस सकाळी डबा घेताना असा गप्प नसतो हो."

त्या गेल्या आणि मला एकदम आठवला आमच्या अण्णांच्या वहीतला एक फोटो. अण्णा म्हणजे माझे वडील. कुस्ती आणि मुष्टियुद्ध यांचं त्यांना भारी वेड. वर्तमानपत्रांतली कात्रणं कापायची आणि खळ लावून एका जुन्या जमाखर्चाच्या वहीत चिकटवायची, हा त्यांचा रविवारचा उद्योग. त्या वहीत एक धिप्पाड काळा माणूस रिंगणाच्या कडेला दोरांमधून उताणा पडलेला होता. टाळूवरचे केस विरळ झालेले. मी एकदा विचारलं, "अण्णा, हरलेल्या माणसाचा फोटो कशाला चिकटवलात?" तर म्हणाले, "अगं, हा जो लुई. जवळजवळ बारा वर्षं जगज्जेता होता."

मग जगज्जेता असा का पडला, त्या वयात कशाला लढायला गेला, हे मला पुष्कळ पुढं, मोठी झाल्यावर वाचून कळलं. कळलं तेव्हा वाटलं, ही गोष्ट मुष्टियुद्धाची थोडी आणि संसाराच्या हिशेबाची जास्त आहे. म्हणूनच आज ती या पानावर सांगते.

जोचा जन्म १३ मे १९१४ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं कापूस पिकवणाऱ्यांचं घर, आठ भावंडं. जो बारा वर्षांचा असताना सगळं कुटुंब उत्तरेकडे डेट्रॉइट शहरात आलं. आई लिली, तिची फार इच्छा की पोरानं व्हायोलिन शिकावं. शिकवणीसाठी ती पोटाला चिमटा घेऊन पैसे देई. आणि पोरानं काय करावं? ते पैसे मुष्टियुद्धाच्या आखाड्यात भरले! आपल्याकडे शिकवणीचे पैसे सिनेमाला जातात ना, तसंच.

पण या पोरानं त्या पैशांचं सोनं केलं. २२ जून १९३७ रोजी शिकागोला तो हेवीवेट गटाचा, म्हणजे सर्वांत वजनदार योद्ध्यांचा, जगज्जेता झाला. वय अवघं तेवीस. पुढच्याच वर्षी हिटलरच्या जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला त्यानं दोन मिनिटं आणि चार सेकंदांत लोळवलं. किताब राखण्यासाठी एकूण पंचवीस लढती तो लढला आणि पंचवीसच्या पंचवीस जिंकला. काळ्या लोकांना हॉटेलात नि गाडीत वेगळं बसवायचे, त्या काळातली ही गोष्ट. ज्यांच्या घरी रेडिओ नाही ते शेजाऱ्यांच्या खिडकीशी उभे राहून त्याच्या लढती ऐकत.

हाताचाही तो मोठा मोकळा. मंदीच्या दिवसांत त्याच्या घरच्यांना सरकारी मदत घ्यावी लागली होती, ती त्यानं पैसे हाती येताच परत केली. आईला घर घेऊन दिलं. मित्रांना उपाहारगृह काढून दिलं, सॉफ्टबॉलचा संघ पोसला, स्वतःच्या नावाचं सरबत बाजारात आणलं. हे धंदे काही चालले नाहीत. गोल्फ खेळताना पैजा लावायची सवय होती, त्यात गेले ते वेगळेच. आणि मुळात मिळकतीचा निम्मा वाटा व्यवस्थापकांचा! सगळ्या कारकिर्दीत मिळून त्याच्या नावावर सेहेचाळीस लाख डॉलरच्या आसपास जमले, पण त्याच्या स्वतःच्या हातात पडले सुमारे आठ लाख. आपल्या भाषेत सांगायचं तर, शंभर रुपये मिळवले आणि घरी सतरा आणले.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४२ च्या सुरुवातीला जो दोन लढती लढला आणि स्वतःच्या वाट्याची रक्कम एकदा नौदलाच्या आणि एकदा लष्कराच्या मदतनिधीला देऊन टाकली. स्वतः साधा शिपाई म्हणून सैन्यात भरती झाला. सैनिकांचं मन रमावं म्हणून छावण्यांतून सुमारे ९६ लढती करून दाखवल्या. त्या काळात कमाईच्या लढती बंद. तेव्हा सामने भरवणाऱ्या ठेकेदाराकडून उसने घेऊन खर्च चालवला.

मैत्रिणींनो, खरी गोम इथं आहे. जे पैसे त्यानं निधीला दिले, ते कर खात्यानं त्याचंच उत्पन्न धरलं! दिले असतील, पण मिळाले होते ना? मग त्यावर कर भरा. तो भरलेला नव्हता. कागद कुणी नीट पाहिलेच नव्हते. व्यवस्थापक आपला वाटा मोजून घेत, हिशेबनीस कागद तयार करी, जो सही करी. व्याज आणि दंड मात्र रात्रंदिवस वाढत होते.

१ मार्च १९४९ रोजी त्यानं निवृत्ती जाहीर केली. आता सुखानं बसायचं. त्याच वर्षी संसारही मोडला. पत्नी मार्वा हिच्याशी त्याचं लग्न १९३५ साली एका मोठ्या लढतीच्या अवघे दोन तास आधी लागलं होतं, म्हणजे नवरदेव मांडवातून उठून सरळ रिंगणात! एकदा घटस्फोट होऊन ती दोघं पुन्हा एकत्र आली होती, पण १९४९ मध्ये कायमची वेगळी झाली. आणि मग कर खात्याचा आकडा आला. व्याज, दंड धरून देणं पाच लाख डॉलरांच्या वर.

या माणसाला काय येत होतं? मुठी वळायला. त्यानं पुन्हा हातमोजे चढवले.

२७ सप्टेंबर १९५० ला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो नवा जगज्जेता एझर्ड चार्ल्स याच्याशी लढला. पंधरा फेऱ्या मार खाऊन हरला. त्याच्या वाट्याला एक लाख डॉलर आले. पण गंमत बघा, त्या काळी अमेरिकेत मोठ्या मिळकतीच्या वरच्या टप्प्यावर नव्वद टक्क्यांच्या घरात कर असे. म्हणजे यंदाच्या कमाईवर यंदाचा कर, आणि उरलेल्यातून मागचं देणं. मागचं व्याज चालूच. भोक पडलेल्या घागरीत पाणी भरावं, तशी गत. तरीही तो लढत राहिला. लोक म्हणायचे, म्हातारा चॅम्पियन टाळ्या विसरू शकत नाही.

२६ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये समोर आला रॉकी मार्सियानो. अठ्ठावीस वर्षांचा, आणि जो लुई हा त्याचा लहानपणापासूनचा आदर्श! आठव्या फेरीत त्यानं जोला दोरांमधून बाहेर पाडलं. तोच अण्णांच्या वहीतला फोटो. लढत संपल्यावर जिंकलेला मार्सियानो हरलेल्या जोच्या खोलीत गेला आणि रडला.

इथं गोष्ट संपली असती तरी चाललं असतं, पण देणं संपलं नव्हतं. १९५३ साली आई वारली. व्हायोलिनसाठी पैसे साठवणाऱ्या त्या माउलीनं मुलाच्या नावे ६६७ डॉलर ठेवले होते. तेही कर खात्यानं जप्त केले. १९५६ मध्ये पोटासाठी तो खोट्याखोट्या, तमाशाच्या कुस्त्या खेळू लागला. तेव्हाची त्याची पत्नी रोझ मॉर्गन न्यूयॉर्कमध्ये स्वतःचं मोठं सौंदर्यगृह चालवणारी कर्तबगार बाई. तिला ते बघवेना. ती म्हणे, देशाच्या अध्यक्षाला भांडी घासताना बघावं तसं हे वाटतं. (आपण रोज घासतो, आपल्याला कुणी तसं म्हणत नाही, ते सोडा!) तेही लग्न टिकलं नाही.

१९५९ मध्ये त्यानं मार्था जेफरसन हिच्याशी लग्न केलं. ती लॉस एंजेलिसची वकील. म्हणजे ज्या घरात इतकी वर्षं फक्त सह्या होत होत्या, तिथं कागद वाचणारं माणूस आलं. एव्हाना देणं दहा लाखांच्या वर पोचलं होतं. ते आता फिटणं शक्य नाही, हे १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत कर खात्यानंही मानलं आणि चालू मिळकतीपुरतीच वसुली करायचं कबूल केलं. पुढं आजारपणातही मार्थानं त्याला सांभाळलं. जो लुई १२ एप्रिल १९८१ रोजी गेला. त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला ज्यांनी हात दिला, त्यांत तोच मॅक्स श्मेलिंग होता, ज्याला त्यानं कधी काळी दोन मिनिटांत लोळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी लोणच्याची वाटी परत द्यायला म्हणून मी वहिनींकडे गेले आणि ही सगळी गोष्ट त्यांना सांगितली. म्हटलं, "वहिनी, दमलेला माणूस परत कामाला जातो तेव्हा दर वेळी हौस नसते. आज जेवणं झाल्यावर भांडणाच्या सुरात नको, साधं विचारा की कुणाला काही द्यायचंय का."

त्यांनी विचारलं. बराच वेळ भाऊसाहेब बोलले नाहीत. मग उठले, कपाटाच्या वरच्या खणातून एक लिफाफा काढला आणि वहिनींच्या पुढ्यात ठेवला. पुतण्याच्या धंद्यासाठी काढलेल्या कर्जाला ते जामीन राहिले होते. धंदा बसला, पुतण्या गाव सोडून गेला, आणि बँकेची पत्रं यांच्या नावानं येऊ लागली. दीड वर्ष हा माणूस एकटा ते ओझं वाहत होता. "तुला झोप लागली नसती," एवढंच म्हणाले.

भगिनींनो, म्हणून चार गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा.

पहिली : हातात आलेला सगळा पैसा आपला नसतो. त्यातला कराचा भाग आधी बाजूला काढायचा, मग खर्चाचं बोलायचं. निवृत्तीची रक्कम किंवा जमीन विकून आलेला पैसा असेल तर जाणकाराला आधी विचारा. देणगी द्यायची असली तरी पावती घ्या आणि करातून सूट मिळते का ते पाहा. दान चांगलंच, पण कागद धरून.

दुसरी : जामीन राहणं म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे. कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. सही करण्याआधी दोघांनी बसून एकच प्रश्न विचारावा : हे सगळं कर्ज उद्या आपल्यालाच फेडावं लागलं, तर झेपेल का?

तिसरी : घरात एक फाईल असू द्या. विमा, ठेवी, कर्ज, कराचे कागद, कुणाला दिलेलं आणि कुणाचं घेतलेलं, सगळं एका जागी. वर्षातून एकदा, समजा दिवाळीची साफसफाई झाली की, दोघांनी ती उघडून बघायची. "मला त्यातलं काही कळत नाही" असं म्हणून उठून जाऊ नका. ज्या बाईला किराण्याच्या यादीतले दोन रुपये चुकलेले कळतात, तिला हेही कळतं.

चौथी : देणं अंगावर आलंच, तर ते जुनं होऊ देऊ नका. लवकर जाऊन बोललं तर हप्ता कमी करून मिळण्याची आशा असते. लपवून ठेवलेलं कर्ज मात्र व्याज खाऊन माजतं.

वहिनी आणि भाऊसाहेब दोघंही बँकेत जाऊन आले. मुदत वाढली, हप्ता निम्म्यावर आला. पुतण्याच्या आईच्या कानावर घातलं, तिनंही दर महिन्याला थोडे पाठवायचं कबूल केलं आहे. भाऊसाहेब अजून दुकानात जातात, पण दोन वाजता जेवायला घरी येतात. काल जिन्यात भेटले, दोनदा थांबतच चढत होते. वहिनी पिशवी घेऊन मागून येत होत्या. मला म्हणाल्या, "ताई, हल्ली डबा घेताना बोलतात हो. भाजीला नावंसुद्धा ठेवतात!"