गाडीला ताप, मला घाम!

‘यार, विकून टाक. गॅस्केटचं कुणाला सांगत बसू नकोस!’ मैत्रिणीचा हा सल्ला डोक्यात घेऊनच मी मे महिन्यात अजिंठ्याला निघाले होते. फ्रीलान्सर बाई, चेक वेळेवर येत नाहीत. त्यात सेकंडहँड घेतलेली लाडकी हॅचबॅक सारखी तापायला लागली. पुण्यातल्या गॅरेजवाल्याने बोनेट उघडलं, मान हलवली आणि जाहीर केलं, ‘हेड गॅस्केट गेलंय. अडतीस हजार.’ टेस्ट वगैरे काही नाही, डायरेक्ट शिक्षा! मैत्रिणीच्या ऑफिसातला एक नवा मुलगा गाडी घ्यायला तयार होता. त्याचा पहिला पगार, पहिली गाडी. मी ‘सोमवारी सांगते’ म्हटलं होतं.

बुलढाण्याहून निघालो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात, धावड्याजवळ टेम्परेचरचा काटा लालमध्ये. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. रस्त्याकडेच्या गॅरेजमधले काका आले आणि आधी माझा हात धरून मागे ओढला. मी रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले होते!

‘ताई, आतलं पाणी शंभराच्या वर असतंय. प्रेशर आहे म्हणून उकळत नाही. झाकण काढलं की तोंडावर येतंय.’

मग तासभर चहा. गाडी थंड होईपर्यंत काकांनी माझी शिकवणीच घेतली. सिलिंडर ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये गॅस्केट असतं. ते फुटलं की पेट्रोल जळून तयार झालेला गॅस थेट कूलंटच्या वाटेत शिरतो. मग प्रेशर वाढतं, कूलंट बाहेर फेकलं जातं, गाडी तापते. ‘पण गाडी तापली म्हणजे गॅस्केटच गेलं, असं नसतंय. ताप आला म्हणून प्रत्येकाला टायफॉइड असतो का?’

बॉस, हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलंय.

गाडी थंड झाल्यावर त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला, झाकण न लावताच इंजिन सुरू करायला सांगितलं आणि आत बघत बसले. बुडबुडे आले. माझ्या पोटात गोळा! काका शांत. ‘आधी अडकलेली हवा निघते. ती थांबली तर बरं. थांबलीच नाही, तर मग गॅस.’ पाच-सात मिनिटांत बुडबुडे थांबले. मग त्यांनी जुनं झाकण अंगठ्याने दाबून दाखवलं. स्प्रिंग ढिली, रबराला चिरा. दुसरं झाकण बसवलं, झाकण आणि मजुरीचे मिळून चारशे रुपये घेतले आणि म्हणाले, ‘माझी खात्री आहे, पण तुमची व्हायला पाहिजे. संभाजीनगरला निळ्या पाण्याची टेस्ट करून घ्या.’

केली. मस्त प्रकार आहे! काचेच्या नळीत निळं द्रावण, वर रबरी फुगा. द्रावणात ब्रोमोथायमॉल ब्लू नावाचा रंग असतो, कार्बन डायऑक्साइड मिळाला की तो पिवळा होतो. साध्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के, पेट्रोल गाडीच्या धुरात मात्र साधारण १२ ते १५ टक्के. त्यामुळे लपवाछपवी चालत नाही. मेकॅनिकने आधी नळी सायलेन्सरपाशी धरली. निळ्याचं पिवळं! म्हणजे द्रावण चांगलं. मग नवं द्रावण भरून नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवली आणि इंजिन चालू ठेवून फुगा दाबत राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. मी मनात ‘निळंच राहू दे रे देवा’.

निळंच राहिलं.

दोष त्या ढिल्या झाकणाचा, आणि कूलंटऐवजी कुणीतरी भरलेल्या नुसत्या पाण्याचा. प्रेशर टिकत नाही म्हटल्यावर पाणी लवकर उकळणारच. योग्य कूलंट भरून घेतलं.

तुमच्यासाठी चार गोष्टी:

- गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. कध्धीच नाही.
- काटा लालकडे गेला की ‘थोडंच अंतर राहिलंय’ म्हणू नका. तापून हेड वाकलं की खरा खर्च सुरू होतो.
- गळती दिसत नाही तरी कूलंट कमी होतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर दिसतोय? टेस्ट करून घ्याच.
- टेस्ट आधी, इंजिन खोलणं नंतर. मात्र बारीक लीक कधी कधी लोडवरच उघडी पडते. गाडी पुन्हा तापली, तर टेस्ट पुन्हा.

सोमवारी त्या मुलाला फोन केला. गाडी विकत नाही, म्हटलं. आणि हेही सांगितलं की शनिवारपर्यंत मी ती त्याला काही न सांगता विकणार होते. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, ‘ताई, मी दुसरी एक बघतोय. त्या टेस्टचं नाव काय म्हणालात?’

नाव सांगितलं. येत्या रविवारी ती गाडी बघायला मीही जातेय, त्याच्याबरोबर.