पांढरीतले पावसाचे दप्तर

पाऊस हुलकावणी देऊ लागला की महाराष्ट्रात जुन्या दुष्काळांची उजळणी सुरू होते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आजही आहेत; १८७६ ते १८७८ चे दुर्भिक्ष सरकारी कागदपत्रांत नमूद आहे. पण भारतीय हवामान खात्याची स्थापनाच मुळी १८७५ सालची. शे-दीडशे वर्षांच्या नोंदींवरून दख्खनच्या पावसाचा स्वभाव पुरता कळला, असे मानणे धाडसाचे होईल. त्यामागचा हिशेब ज्या दप्तरात आहे, ते कागदाचे नसून मातीचे आहे. आणि ती माती आज गाड्या भरभरून शेतांत पसरली जात आहे.

गावोगावच्या ओसाड पांढरीत शेकडो पिढ्यांच्या चुलींची राख साचलेली असते. धान्याचा दाणा सहसा मातीत कुजून जातो. परंतु विस्तवाशी पडून त्याचा कोळसा झाला की कुजविणाऱ्या जिवाणूंना त्यात खाद्य उरत नाही. असे दाणे हजारो वर्षे टिकतात. राखेची माती पाण्यात कालविली की ते हलके असल्याने वर तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली आजच्या बियांशी ताडून त्यांची जात ठरविता येते आणि त्यांतील कार्बनवरून वयही काढता येते.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी यांच्या नेतृत्वाखालील या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० या सुमाराची शेतकरी वसाहत उजेडात आली. तेथील जळक्या दाण्यांत सातू प्रमुख होता; मसूर, वाटाणा, हुलगा हीही धान्ये मिळाली. ज्या शिरूर तालुक्याची आजची ओळख ज्वारी-बाजरीची, तेथे एके काळी सातू पिकत होता. पुराचे पाणी वळविण्यासाठी बांधलेला बांध व पाटही सापडला. पुढे इ. स. पूर्व १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेर गाव उठले. हवामान कोरडे होत गेल्याने ही अवकळा आली, असे डॉ. ढवळीकरांचे प्रतिपादन होते.

हे प्रतिपादन अनुमान आहे, हे मात्र विसरता कामा नये. दाणा सांगतो तो माणसाने काय पेरले हे. आभाळातून किती पडले हे तो थेट सांगत नाही, कारण पाटाच्या पाण्यावरही पीक येते. अनुमान कसे बदलते, याचे उदाहरण राजस्थानात आहे. तेथील सरोवरांच्या गाळातील परागकण तपासून गुरदीप सिंग यांनी १९७१ मध्ये असे सुचविले की, सिंधू संस्कृतीचा उत्कर्ष पावसाच्या सुकाळात झाला. १९९९ मध्ये लूणकरणसर सरोवराच्या गाळाचा नवा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सरोवर त्या नगरांच्या भरभराटीच्या कितीतरी आधीच आटले होते, असे त्यात दिसून आले. म्हणजे दुष्काळ आला की संस्कृती बुडते, असा सरळ त्रैराशिकाचा हिशेब येथे लागू पडत नाही. कोरड्या काळातही माणसे तगली. ती कशी, हाच आजच्या महाराष्ट्राच्या दृष्टीने मोलाचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर एका इनामगाववरून मिळणार नाही. त्यासाठी अनेक पांढरींची साक्ष हवी. नेमकी तीच नष्ट होत आहे. पांढरीची माती उत्तम खत, घरासाठीही चांगली, म्हणून ती उकरली जाते. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. १९५८ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण घोषित स्थळांपुरतेच आहे, आणि बहुसंख्य पांढरी कोणत्याही यादीत नाहीत.

मूर्ती किंवा नाणे सापडले तर निदान गवगवा होतो. काळ्या दाण्याकडे कोण पाहणार? ही दृष्टी देण्याचे काम शाळा-महाविद्यालयांचे आहे. गावच्या पांढरीची नोंद शिक्षक व विद्यार्थी करू शकतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या विभागांना बियांचे तुलना-संग्रह उभारता येतील. माती हलण्यापूर्वी तिचे नमुने घेण्याची व्यवस्था जिल्हा पातळीवर शासनाने केली पाहिजे. एकदा शेतात पसरलेली पांढर पुन्हा थराथराने रचता येत नाही.